बेवारस धसका

एका राज्यात माणसांपेक्षा घोडे जास्त होते आणि घोड्यांपेक्षा नियम जास्त. राजाचं नाव मेघवाहन. त्याच्यासारखी पागा सात मुलखांत नव्हती. तिथल्या घोड्याच्या पाठीवर काठोकाठ भरलेली वाटी ठेवून त्याला चौखूर सोडावं आणि थेंब सांडू नये, असं लोक सांगत. लोकांचं काय, लोक सांगतातच. पण पागा चांगली होती, हे खरं.

या पागेचे दोन नियम पणजोबांपासून चालत आलेले. पहिला असा, की राज्यात नवं काही आलं, मग ते सोनं असो की सून, ते आधी आघाडीच्या घोडीला हुंगवायचं. तिनं मान खाली घातली की शुभ. दुसरा असा, की घोडा बुजला तर त्याला कळपातून काढायचं आणि पागेच्या टोकाला, चार उंच भिंतींच्या आड, एकटं बांधायचं. त्या जागेला एकांतठाण म्हणत. एक घोडा बुजला की शेजारचा बुजतो, शेजारचा बुजला की त्याचा शेजारी. हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि ते खोटंही नव्हतं. एकांतातल्या घोड्याचं पुढे काय होतं, हे मात्र कुणी पाहायला जात नसे. दिसत नाही म्हणजे बरा असेल, असं धरून चालत.

राज्याच्या उत्तरेला डोंगर होता, डोंगरात गुहा आणि गुहेत निर्भयनाथ नावाचा मांत्रिक. त्याच्यापाशी अलोट धन आहे, अशी बोलवा होती. राणी विशाखेला पहिला मुलगा झाला, त्या आनंदात मेघवाहन सैन्य घेऊन ते धन आणायला गेला. मांत्रिकानं ना मंत्र टाकला, ना काठी उगारली. मांडीवर एक नाग घेऊन बसला होता, तसाच बसून राहिला. म्हणाला, हवं ते न्या, फक्त तो लाखेनं बंद केलेला हस्तिदंती करंडा उघडू नका, त्यात तुमच्या कामाचं काही नाही. असं सांगितल्यावर माणूस काय करतो, ते मी तुम्हांला सांगायला नको.

लूट पागेच्या अंगणात उतरली. शेवंती नावाची पांढरी घोडी आघाडीची, तिला पुढे आणलं. राजानं करंड्याची लाख फोडली आणि झाकण उघडलं. आत काही नव्हतं. राजा हसला, सगळे हसले. शेवंतीनं करंड्यात नाक घातलं, आणि तिचे कान मागे चिकटले, नाकपुड्या फुलल्या, चारी पाय थरथरू लागले.

नियम होता. रायाजी नावाचा मोतद्दार तिची निगा राखत असे. त्यानं तिच्या मानेवर हात ठेवून तिला एकांतठाणात नेऊन बांधलं. तिच्या मानेचा घाम त्याच्या हाताला लागला. घरी जाईपर्यंत त्याच्या छातीत धडधड सुरू झाली. बायकोनं विचारलं, काय झालं. तो म्हणाला, काही नाही. तिनं त्याचा हात हातात घेतला, आणि तीही दचकली. ती शेजारणीकडे विरजण मागायला गेली आणि धसका देऊन आली. शेजारीण गोठ्यात गेली, तर गाईनं दूध चोरलं.

मौज अशी, की भीती कशाची, हे एकालाही सांगता येईना. कुणी म्हणे वाघाची, कुणी म्हणे दुष्काळाची, कुणी हळूच म्हणे सासूची. आणि ती वाटल्यानं कमीही होईना. दिव्यानं दिवा लावावा, तशी ती देणाऱ्यापाशी होती तेवढीच राही आणि घेणाऱ्यापाशी तेवढीच जाई.

राजानं पागेचा नियम माणसांना लावला. ज्याला धसका लागला, त्यानं एकटं राहावं. हळूहळू साऱ्या नगरात एका खोलीत एक माणूस आणि दाराला कडी, असं झालं. राजा स्वतः बुरुजावर जाऊन बसला आणि चढायची शिडी काढून घ्यायला लावली. आज्ञा टोपलीतून खाली येत, जेवण टोपलीतून वर जाई. राज्य चाललं होतं, असं म्हणायला हरकत नाही.

या सगळ्यात तान्ह्या राजपुत्राचं काय झालं, ते ऐका. सगुणा नावाची दाई त्याला सांभाळी. तिला धसका लागला, तेव्हा तो तिच्या मांडीवर होता. त्यानं मुठी आवळल्या आणि मान फिरवली. राणीनं त्याला छातीशी घेतलं, तर राणीच थरथरत होती; त्यानं दूध तोंडात घेतलं नाही. राजाची आज्ञा आली: मुलाला शीशमहालात ठेवा, कुणाचा वारा लागू देऊ नका. चारी बाजूंनी काचा असलेल्या त्या दालनात मूल एकटं निजवलं. लांब दांडीला बोळा बांधून, झरोक्यातून त्याच्या तोंडात दूध पिळत. पहिले काही दिवस तो रडला. फार रडला. मग त्यानं रडणं सोडलं. राजवैद्य बाहेरून पाहून म्हणाला, युवराज शांत झाले. राणी काचेला कपाळ लावून उभी होती. तिला शांत मूल आणि गप्प मूल यांतला फरक कळत होता. पुढे वैद्यालाही कळला. तो म्हणाला, अमावास्येपर्यंत दूध प्यायले तर वाचतील.

राणी शीशमहालापासून निघाली ती सरळ नदीकाठी गेली. जीव द्यायला गेली असं काही जण सांगतात, पण ते खरं नाही. तिला मोठ्यानं रडायचं होतं आणि नगरात ते करायची सोय नव्हती. वाळूत एक टिटवी अंड्यांवर बसली होती. ती म्हणाली, "राणी, रडून झालं की बोलू."

राणीनं डोळे पुसले. पक्षी बोलतो याचं नवल वाटण्याइतकी जागा तिच्या मनात उरली नव्हती.

टिटवी म्हणाली, "लोक मला अपशकुनी म्हणतात, मी ओरडते म्हणून. पण मी कशाला ओरडते, ते मला ठाऊक असतं. कुत्रा आला की ओरडते, कुत्रा गेला की गप्प बसते. तुझ्या राज्यात ओरड आहे आणि कुत्राच नाही."

"मग ही भीती कुणाची?"

"निर्भयनाथाची. त्यानं ती अंगातून काढून करंड्यात कोंडली होती. आता ती बेवारस हिंडते आहे. ती धन्याकडे पोचवलीस, तर तुझ्या मुलाला आशा आहे. तीन कामं कर. जिनं ती पहिल्यांदा हुंगली, तिला एकांतातून सोडव. तिच्यावर बसून हरणांच्या माळावरून जा, पण एकही हरीण बुजता कामा नये. आणि मग ज्याची त्याच्या पदरात घाल."

राणीनं आणखी काही विचारायचं म्हटलं, पण टिटवी अंडी उलटवण्यात गुंतली. पक्ष्यांना आपली कामं असतात.

राणी एकांतठाणात गेली. शेवंतीच्या बरगड्या दिसू लागल्या होत्या. तिनं खुंट कुरतडून निम्मा केला होता. राणीनं तिच्या मानेवर हात ठेवला, तोच तिच्या अंगातून असा काटा सरकला, की तिथून काढता पाय घ्यावा असं तिला वाटलं. पण जायचं कुठं? पुन्हा काचेपाशी? ती तिथंच गवतावर बसली. घोडी कापत होती, राणी कापत होती. भिंतीवरचं ऊन उतरून पायाशी आलं. राणी उठली नाही. मग कधीतरी घोडीनं एक लांब श्वास सोडला. तिच्यामागून राणीनंही सोडला. शेवंतीनं मान खाली घालून नाक राणीच्या खांद्यावर टेकलं. भीती गेली नव्हती. पण जी कालपर्यंत दोघींना पुरून उरत होती, ती आता दोघींत मिळून एकीपुरती राहिली होती. राणीला याचा अर्थ लागला नाही. तिनं घोडीला पाणी पाजलं, खोगीर घातलं आणि ती निघाली.

उत्तरेच्या वाटेवर हरणांचा माळ लागतो. तिथं हरणं इतकी, की जमीनच चरते आहे असं वाटावं. राणीनं शेवंतीच्या डोळ्यांवर पदर बांधला, स्वतः श्वास रोखला आणि ताठ मानेनं पाऊल टाकलं. एका हरणीनं मान वर केली, पाय आपटला, आणि सारा माळ क्षणात रिकामा झाला. राणी मागं फिरली, हरणं परतेपर्यंत थांबली. दुसऱ्यांदा तिनं अंगाईगीत म्हणत जायचं ठरवलं. हरणाला गाणं कळत नाही, घाम कळतो. माळ पुन्हा रिकामा झाला. आकाशातली चंद्राची कोर बारीक होत चालली होती.

तिसऱ्यांदा राणीपाशी युक्ती उरली नाही. ती घोडीवरून उतरली, लगाम सोडून दिला आणि माळाच्या कडेला मातीत बसली. शेवंतीला म्हणाली, "मला फार भीती वाटते ग. माझं मूल मरेल, याची." एवढं बोलून ती घोडीला टेकून तशीच बसून राहिली. हे कुणापुढं बोलायची तिची ही पहिलीच वेळ होती. शेवंतीनं तिचं डोकं हुंगलं, थोडं थांबली, आणि मान खाली घालून चरू लागली. दूरच्या हरणांनी राणीकडं पाहिलं, मग चरणाऱ्या घोडीकडं पाहिलं. एक हरीण जवळ येऊन चरू लागलं. मग दुसरं. भीती जशी एकाकडून दुसऱ्याकडं जाते, तसा निवांतपणाही जातो; फक्त भीती धावत जाते आणि हा चालत येतो. राणी उठली. घोडी चार पावलं चाले, दोन घास खाई, पुन्हा चार पावलं चाले. अशा त्या दोघी हरणांच्या मधून पार झाल्या, आणि एकाही हरणानं शेपूट उचललं नाही.

गुहेत निर्भयनाथ होता तिथंच होता. मांडीवर नाग होता. एक पाय धुनीच्या निखाऱ्यात गेला होता आणि त्याला फोड आले होते. राणीनं सांगितलं तेव्हा त्यानं पायाकडं पाहिलं आणि म्हणाला, खरंच की. पण पाय काढला नाही.

राणीनं आपलं येणं कशासाठी ते सांगितलं. मांत्रिकानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "मूल इथं आण. त्याचीही भीती काढून देतो. मग ते ना रडेल, ना दचकेल. कशाचंच काही वाटणार नाही."

 खोटं कशाला सांगा, राणीच्या मनात क्षणभर आलं की आणावं. मूल जिवंत राहील, एवढं तरी होईल. मग तिनं त्या निखाऱ्यातल्या पायाकडं पाहिलं.

"नको," ती म्हणाली. "ज्याला भीतीच नाही, ते मूल मला हाक कशाला मारील?"

"मग माझ्यापाशी तुझं काही काम नाही."

"आहे. तुमची भीती परत घ्या. की घ्यायला भिता?"

"मी कशालाच भीत नाही," निर्भयनाथ म्हणाला.

"मग हात पुढे करा."

 नकार द्यायलाही थोडी भीती लागते. त्यानं राणीचा हात धरला आणि तळवा हुंगला.

मग त्यानं नाग असा भिरकावला, की तो नागच घाबरून बिळात शिरला. पाय निखाऱ्यातून ओढून काढला, फोड बघितले आणि कळवळून ओरडला. इतक्या वर्षांची आग त्याला एकदम लागली. भिंतीला पाठ लावून, गुडघे पोटाशी घेऊन तो मोठा जटाधारी मांत्रिक बसला, आणि राणीला म्हणाला, "जाऊ नकोस."

राणीची भीती उतरली होती. म्हणजे ती बेवारस भीती उतरली होती. स्वतःची होती तशीच होती, आणि ती स्वतःची तिला घराकडे ओढत होती. परतीची वाट तिला दिसत होती, घोडी उभी होती, अमावास्या उद्यावर आली होती. पण ती खाली बसली.

निर्भयनाथानं तोंड लपवूनच सांगितलं. तो लहान असताना गावावर दरोडा पडला. आईनं त्याला धान्याच्या पेवात उतरवलं, वर झाकण लावलं, आणि हाक मारू नकोस, मी येते, असं सांगून ती गेली. ती आली नाही. मग त्यानं हाका मारल्या. पेव जमिनीखाली असतं, तिथला आवाज वर येत नाही. "कुणी येणार नाही," तो म्हणाला. "एवढीच माझी भीती. शेवटी हाका मारणं सोडलं, तेव्हा जरा बरं वाटलं. पुढं मंत्र शिकलो आणि ती काढूनच टाकली."

राणीच्या आता ध्यानात आलं. साऱ्या राज्यात फिरली ती ही भीती, आणि साऱ्या राज्यानं तिच्यावर उपाय केला तो हा, की ज्याला ती लागली त्याला एकटं टाकायचं. आणि तिचं मूल, त्यानं हाका मारणं सोडलं त्यालाही आता किती दिवस झाले होते.

ती म्हणाली, "मला माझ्या मुलाकडं जायचं आहे. तुम्हांला इथं टाकूनही जायचं नाही. चला."

तो निघाला. वाटेत तो हरणाला भ्याला, पानाला भ्याला, शेवंतीच्या शेपटीला भ्याला, पण राणीच्या रिकिबीचा पट्टा त्यानं सोडला नाही.

नगरात काय झालं होतं? निर्भयनाथानं तळवा हुंगला त्याच वेळी घरोघरी लोकांच्या छातीवरून काहीतरी उतरलं. ज्याची त्याची भीती तेवढी उरली, वाघवाल्याची वाघाची, सासूवालीची सासूची. पण दार कुणी उघडलं नाही. नियम तर होताच, आणि नियम कुणी हुंगून नेला नव्हता.

राणी वेशीतून आत आली, ती बुरुजाखाली थांबली. टोपलीतून आज्ञा उतरली: राणीसाहेबांनी एकांतात जावं.

राणीनं वर पाहिलं. "महाराज, करंड्यातली भीती तिच्या धन्याकडं गेली. आता आपल्याला वाटते ती आपली आहे."

वरून राजाचा आवाज आला. "माझी मुलाला लागेल."

"लागेल. आपण उठून गेलो नाही, तर उतरेल."

 राणी उत्तरासाठी थांबली नाही.

शीशमहालाला कुलूप नव्हतं. बाहेरून साधी कडी होती, इतके दिवस. राणीनं ती काढली. मूल उताणं पडलं होतं, डोळे उघडे होते. पावलं वाजली तरी त्यानं मान वळवली नाही. तिनं त्याला उचललं. त्याला वजनच राहिलं नव्हतं, आणि अंग मात्र लाकडासारखं ताठ. तिनं दूध दिलं. त्यानं ओठ मिटून घेतले. राणीला भीती वाटली, आयुष्यात कधी वाटली नव्हती अशी. तिचे हात थरथरले आणि ते थरथरणं मुलाच्या अंगात गेलं, हे तिला दिसलं. राजवैद्य काचेबाहेरून सांगत होता, युवराजांना खाली ठेवा, आपली भीती लागते आहे. तिनं ठेवलं नाही. ती जमिनीवर बसली आणि बसून राहिली.

दुपार झाली. दाई सगुणा आली, दारात घुटमळली, मग आत येऊन राणीच्या पाठीला पाठ लावून बसली. रायाजी आला. त्याची बायको आली. एकेका दाराच्या कड्या निघत गेल्या तशी माणसं येत गेली.  मेघवाहन राजाची शिडी सापडेना, तेव्हा त्याला टोपलीतून खाली सोडावं लागलं. सात मुलखांत गाजलेल्या पागेचा राजा टोपलीत गुडघे मुडपून उतरला, आणि हसायचं कुणाला सुचलं नाही. तो राणीपाशी आला. हात मागं लपवले होते, कारण ते कापत होते.

"मी काय करू?" त्यानं विचारलं.

"बसा," राणी म्हणाली.

राजा बसला. राणीनं त्याचा कापता हात ओढून मुलाच्या पायावर ठेवला. सगळेच थोडेथोडे कापत होते, आणि ऊन काचांवरून सरकत होतं. हळूहळू सगुणेचा श्वास लांबला, मग राणीचा, मग राजाचा. मुलाच्या मुठी तशाच होत्या. उंबऱ्यावर निर्भयनाथ उभा होता, कारण आत यायची त्याला भीती वाटत होती. अखेर तो आत आला. मुलाजवळ वाकला आणि कुणाला ऐकू जाईल न जाईल अशा आवाजात म्हणाला, "आलेत रे. सगळे आलेत."

मुलाचा खालचा ओठ थरथरला. मग ते रडलं.

असं रडलं, की पागेतले घोडे मान वर करून बघू लागले. वैद्य धावत आला, युवराज दचकले, सगळे दूर व्हा, म्हणाला. कुणी जागचं हललं नाही. मूल रडलं, रडलं, दमलं, राणीच्या छातीवर तोंड घासू लागलं, आणि प्यायलं.

पुढं मेघवाहनानं एकांतठाणाच्या भिंती पाडल्या. आता घोडा बुजला, की त्याच्याशेजारी एखादी जुनी, पोक्त घोडी बांधतात आणि मोतद्दार तिथंच भाकरी खायला बसतो. शेजारचा घोडा कधी कधी बुजतो, नाही असं नाही. थोड्या वेळानं दोघेही चरू लागतात. निर्भयनाथाला नगरात घर मिळालं. तो दाराला कडी लावत नाही आणि दिवसातून चार वेळा शेजाऱ्यांकडं डोकावतो. लोक कुरकुरतात, पण येऊ देतात.

राजपुत्र मात्र मोठा रडका निघाला. जरा काही झालं की भोकाड पसरी, आणि घरातलं कुणी ना कुणी हातातलं काम टाकून धावे. सात मुलखांतले राजे यावरून मेघवाहनाला हसत. मेघवाहन म्हणे, हसा. आमचा मुलगा हाक मारतो.

असा तो धसका धन्याला पोचला, मूल आईला पोचलं, आणि गोष्ट तुम्हांला.